अर्धा इंच पाणी

अमेरिकेत मुलाकडे गेलेल्या निवृत्त माणसाचा पाहुणचार आठ दिवस चालतो. नवव्या दिवशी त्याला कचऱ्याचा डबा कोणत्या वारी रस्त्याकडेला न्यायचा ते दाखवतात आणि तिथून तो पुन्हा नोकरीत रुजू होतो. मी रुजू झालो २०२३च्या मे महिन्यात, न्यू जर्सीत, एडिसनपासून वीस मिनिटांवरच्या एका घरात. डबे नीट सांभाळले म्हणून असेल, तीन आठवड्यांत बढती मिळाली. चिरंजीव आठवडाभर कामासाठी बाहेरगावी निघाले होते. बूट घालता घालता म्हणाले, "बाबा, तेवढा फिल्टर बदलाल? तीन महिने होऊन गेलेत."

"पाण्याचा ना?"

"हवेचा. बेसमेंटमध्ये."

पस्तीस वर्षं मी पाटबंधारे खात्यात काढली. पाणी गाळतात, पीठ चाळतात, आणि बदल्यांच्या यादीतून आपलं नाव गाळून घेतात, हे सगळं मला ठाऊक होतं. हवा गाळतात हे वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी कळलं.

तळघरात माणसाच्या उंचीचं एक पत्र्याचं कपाट उभं असतं. हिवाळ्यात ते गॅसवर हवा तापवतं, उन्हाळ्यात तीच हवा गार करतं. घरभर भिंतींना जाळ्या. काही जाळ्या हवा ओढतात, बाकीच्या सोडतात. ओढलेली हवा मोठ्या पत्र्याच्या नळातून खाली येते, फिल्टरमधून गाळून कपाटात जाते, आणि तिथून पंखा तिला घरातल्या प्रत्येक खोलीत पाठवतो. मला हे चटकन कळलं, कारण हा सरळसरळ कालवा होता. मुख्य कालवा, वितरिका, चाऱ्या, सगळं जागच्या जागी. फरक एकच. आमच्या कालव्याचं पाणी टेलच्या शेतकऱ्यापर्यंत कधी पोचलं नाही. इथे टेलची खोलीसुद्धा तुडुंब.

त्याचा प्रत्यय रोज सकाळी साडेदहाला येई. सांगलीच्या घरात आमच्या हिच्या फोडणीचा वास माजघरापर्यंत यायचा आणि तिथे दमायचा. इथे मिरचीचा खकाणा जाळीतून आत ओढला जाई, तळघरात व्यवस्थित गार होई आणि वरच्या चारही खोल्यांत एकाच वेळी पोचता होई. वरच्या मजल्यावर मीटिंगमध्ये बसलेल्या सूनबाई साहेबांसमोर एकदम शिंकत. समन्यायी वाटपाची परिपत्रकं मी आयुष्यभर फिरवली. त्याची अंमलबजावणी पाहिली ती इथे, लसणाच्या फोडणीत.

तर फिल्टर. कपाटाशेजारच्या खाचेतून मी तो ओढून काढला. पुठ्ठ्याची चौकट आणि आत कागदासारख्या कापडाच्या घड्या. मुळात पांढऱ्या असाव्यात. आता त्यांच्यावर उंदराच्या पाठीसारखी करडी लव आली होती. नीट पाहिलं तर त्यात सगळं घर होतं. सूनबाईंचे लांब केस, नातीच्या हस्तकलेची चमकी, सतरंजीची कुसं, आणि नाक जवळ नेलं तर तीन आठवड्यांचा हिंग. तो कचऱ्यात टाकायला हात होईना. मी मागच्या अंगणात नेला आणि गादी झोडपावी तसा झोडपला. कुंपणापलीकडून शेजारचे आजोबा बघत होते. त्यांनी हातानंच 'नको' केलं. मग नळाखाली धरायला निघालो तर ते चक्क कुंपणाशी आले. यातल्या बऱ्याच फिल्टरांच्या धाग्यांवर विजेचा भार दिलेला असतो, धूळ त्याला चिकटते, पाणी लागलं की तो भार जातो आणि राहतो नुसता पुठ्ठा, असं त्यांनी मला दोन्ही हातांनी समजावलं. वापरा आणि फेका. आमच्या पिढीला याच्याइतकं दुखावणारं दुसरं वाक्य नाही.

आजोबांची स्वतःची मतं ठाम होती. त्यांच्या घरी काचेच्या तंतूंचा निळसर फिल्टर, ज्याच्या आरपार वर्तमानपत्र वाचता येईल असा. दुकानातला सगळ्यांत स्वस्त. "फिल्टर तुमच्यासाठी नसतोच," ते म्हणाले, "तो यंत्रासाठी असतो." मला हा उर्मटपणा वाटला. पुढे वाचनात आलं की त्यात तथ्य आहे. मोठी धूळ पंख्यावर आणि आतल्या नळ्यांवर बसू नये, म्हणूनच ही जाळी मुळात आली. वातानुकूलनाची सुरुवातही तशीच. १९०२ साली विलिस कॅरियर या पंचविशीच्या इंजिनियरनं ब्रुकलिनमधल्या एका छापखान्यासाठी हवेतला दमटपणा काबूत आणणारं यंत्र आखलं. दमटपणानं कागद फुगायचा आणि रंगांवर रंग बसायचा नाही, ही अडचण होती. घामाघूम झालेल्या माणसांची आठवण जगाला नंतर झाली.

जुन्या फिल्टरवर माप छापलं होतं: १६ बाय २५ बाय १ इंच. मी टेप लावला. साडेपंधरा बाय साडेचोवीस, जाडी पाऊण इंच. पुन्हा मोजलं. तेच. सूनबाई म्हणाल्या, "बाबा, ते नावाचं माप असतं. खरं माप बाजूला बारीक अक्षरात लिहितात." मग मात्र जिवाला बरं वाटलं. कोथरूडला चिरंजिवांसाठी फ्लॅट घेतला तेव्हा बिल्डरनं असंच एक माप तोंडानं सांगितलं होतं आणि दुसरं बारीक अक्षरात दिलं होतं. सुपर बिल्ट-अप फिल्टर. कार्पेट वेगळा.

त्या रात्री सूनबाईंनी तीन कुटुंबांना जेवायला बोलावलं होतं. मी सहज विषय काढला. एरवी ही मंडळी घराच्या कर्जाचे व्याजदर आणि मुलांचं कॉलेज यावर बोलतात, पण फिल्टर म्हणताच सगळे सरसावून बसले. हापूस रत्नागिरीचा की देवगडचा यावर आपल्याकडे जो आवेश दिसतो, तो इथे दिसला. एक म्हणाला, मर्व आठच्या पुढे जाऊ नये. दुसरा म्हणाला, अकरा, मुलांना ॲलर्जी आहे. तिसऱ्याची बायको डॉक्टर, तो तेराच्या खाली बोलायलाच तयार नाही.

आमची ही वाढता वाढता थांबली. "मरवा? इथे मरवा मिळतो?" गेले तीन आठवडे ती ओक ट्री रोडवरच्या दुकानांत गजरा शोधत होती.

मर्व ही गाळण्याच्या बारकाईची श्रेणी. एक ते सोळा. आकडा चढेल तशी जाळी बारीक. मर्व आठ परागकण आणि सतरंजीची धूळ बऱ्यापैकी अडवतो. मर्व तेरा म्हणजे ०.३ ते १ मायक्रॉनच्या कणांपैकी निम्मे तरी पकडलेच पाहिजेत, आणि आपला केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो. इतक्यावर थांबले असते तर ठीक होतं. पण थ्रीएमच्या फिल्टरवर एमपीआर नावाची वेगळी मोजणी, ती शेकड्यांत आणि हजारांत. होम डेपोची एफपीआर, ती दहापर्यंत. म्हणजे एकाच वर्गातल्या पोराला एका मास्तरनं तेरा, दुसऱ्यानं दीड हजार आणि तिसऱ्यानं नऊ मार्क द्यावेत, आणि तिघांनीही 'प्रगती समाधानकारक' लिहावं.

जेवणानंतर डॉक्टरीणबाईंनी मला ०.३ मायक्रॉनचं गुपित सांगितलं. अगदी बारीक गाळणाऱ्या फिल्टरची परीक्षा घ्यायची तर याच मापाच्या आसपासच्या कणांवर घेतात. मला वाटलं, त्याहून बारीक कण आणखी सहज निसटत असतील. तर नाही. मोठे कण आपल्या वजनानं जाऊन धाग्यावर आदळतात. अगदी बारके हवेत इकडेतिकडे भरकटत राहतात आणि भरकटता भरकटता कुठल्या तरी धाग्याला लागतात. निसटतात ते मधले. मी काही बोललो नाही. लाचलुचपतवाले यायचे तेव्हा आमच्या खात्यातही कधी वरचा साहेब सापडे, कधी शिपाई. मी मधल्या श्रेणीतून सुखरूप निवृत्त झालो.

निवड अजून व्हायचीच होती. ती केली कॅनडानं. ७ जूनला सकाळी उठलो तर खिडकीबाहेर उजेड संध्याकाळचा. क्यूबेकमधली जंगलं पेटली होती आणि तो धूर इथवर उतरला होता. न्यूयॉर्कचं आभाळ त्या दिवशी नारंगी झालं, ते फोटो तुम्हीही पाहिले असतील. सगळ्यांनी करोनातले मास्क पुन्हा बाहेर काढले. मी दार उघडलं आणि छाती भरून आली ती वेगळ्याच कारणानं. तोडणी झाल्यावर उसाचा पाला पेटवतात, हुबेहूब तोच वास. पायरीवर उभा राहून मी दोन दीर्घ श्वास घेतले. सूनबाईंनी मला दंडाला धरून आत ओढलं.

तासाभरात आम्ही दुकानात. एक अख्खा बोळ फिल्टरांचा, दोन्ही बाजूंना डोक्याच्या वरपर्यंत. सूनबाई आठ घ्यावा की अकरा याचा फोनवर विचार करत होत्या. मी त्यांना विचार करू दिला नाही. ज्या घरात मुलाला ब्याण्णव टक्के मिळाले तेव्हा उरलेल्या आठ टक्क्यांबद्दल विचारणा झाली होती, त्या घरात तेरा मिळत असताना आठ आणायचा? सहाचा गठ्ठा होता, सुटा घेण्यापेक्षा स्वस्त. गठ्ठा घेतला.

बसवताना अडचण आली ती दिशेची. चौकटीच्या कडेवर बाण छापलेला असतो, हवा जाईल त्या दिशेला. महादेवाच्या पिंडीची शाळुंका उत्तरेला, हे आम्हाला पक्कं. इथे हवा कोणीकडून कोणीकडे जाते ते कपाटाकडे बघून कळेना. मग मी खाचेपाशी उदबत्ती धरली. धूर झरकन कपाटाकडे ओढला गेला. शास्त्रीय पद्धत, एका काडीत निकाल. धुराची घंटा वाजली तो भाग सोडून देऊ.

आणि मला सांगायला आनंद वाटतो की तेरा नंबर कामाला आला. बाहेर डोळे चुरचुरत होते, आत चार तासांनी वासही राहिला नाही. मी दोन दिवस घरात छाती काढून वावरलो.

पुढे जे घडलं ते काटकसरीमुळे. आमच्याकडे टीव्हीच्या रिमोटला प्लास्टिकची पिशवी असते, सोफ्याला चादर आणि चादरीवर पाहुणे आले तरच काढायची दुसरी चादर. एवढा महागाचा फिल्टर उघड्या धुळीला कसा द्यायचा? हिच्या जुन्या सुती पातळाचा एक तुकडा होता, धुऊन धुऊन मऊ झालेला. तो मी दिवाणखान्यातल्या हवा ओढणाऱ्या जाळीवर चिकटपट्टीनं छान ताणून लावला. वरच्या दोन खोल्यांत कोणी राहत नव्हतं. रिकाम्या खोलीला गार करायचं म्हणजे पडीक रानाला पाणी सोडायचं. तिथल्या जाळ्या बंद केल्या. तळघरातल्याही. चिरंजीव परत आले तेव्हा मी त्यांना विजेच्या बिलाचा अंदाज ऐकवला. ते दमले होते. 'बरं' म्हणाले.

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात उन्हाळा तापला आणि घर गार होईनासं झालं. यंत्र अखंड चालू, जाळीपुढे हात धरला तर आजाऱ्याचा श्वास. तळघरात जाऊन पाहिलं. कपाटाकडे जाणाऱ्या तांब्याच्या नळीवर पांढराशुभ्र बर्फ. बोटभर जाड. बाहेर माणसं भाजताहेत आणि घराच्या पोटात अमरनाथ.

तंत्रज्ञ आला. उंच पोरगा, दारातच बुटांवर निळ्या कागदी पिशव्या चढवल्या. आमच्या हिचं मत तिथेच चांगलं झालं. दारात पाऊल टाकण्याचे १२९ डॉलर, हे कळल्यावर माझं बिघडलं. त्यानं पत्र्याला दोन बारीक भोकं पाडली, त्यांत रबरी नळ्या घातल्या आणि हातातल्या मीटरकडे बघून शीळ घातली. सूनबाईंना काही तरी सांगितलं.

"काय म्हणतोय?"

"दाब जास्त आहे म्हणतोय. पॉइंट नाइन. या मशीनला पॉइंट फाइव्हच्या वर नको."

"पॉइंट फाइव्ह काय?"

सूनबाईंनी विचारलं. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "इंच. पाण्याचे इंच."

मी खुर्चीवरून उठलो. हवेचा दाब हे लोक पाण्याच्या उंचीत मोजतात! नळीत पाणी किती वर चढेल, त्यावर. आख्ख्या न्यू जर्सीत माझ्या ओळखीचं एक एकक होतं आणि तेही या तळघरात निघालं. पंख्याची ताकद अर्धा इंच पाणी. तेवढ्यात त्यानं सगळ्या घराची हवा जाळीतून, नळातून, फिल्टरमधून, गार नळ्यांवरून ओढायची आणि परत खोल्यांत ढकलायची. त्यातला निम्म्याहून जास्त दाब मी वाटेतच खाऊन टाकला होता. कालव्याच्या तोंडाशी कचरा अडवायला जाळी बसवतात. ती गवतानं भरली की पाणी अलीकडे तुंबतं आणि पलीकडे थेंब जात नाही. या विषयावर मी कनिष्ठांना तासतासभर झापलं आहे. उमेदवारीत १०३ मीटर उंचीच्या कोयना धरणाच्या सावलीत उभा राहिलेला मी, अर्ध्या इंचात बुडालो.

बर्फाचं कारणही त्यानं सांगितलं. आतल्या नळ्या गोठण्याइतक्या गार होऊ नयेत म्हणून त्यांच्यावरून घरातली ऊबदार हवा सतत वाहायला हवी. ती आटली की हवेतलं पाणी नळ्यांवरच गोठतं, बर्फ उरलीसुरली वाट बंद करतो, आणि मग आणखी बर्फ. कारण शोधत तो एकेक जाळी बघत दिवाणखान्यात आला. पातळासमोर थांबला. निळं पातळ, बारीक पांढरी चौकडी, कडेला काठ. त्यानं अगदी अदबीनं विचारलं, हे काय आहे? चिरंजिवांनी माझ्याकडे पाहिलं आणि त्याला सांगितलं की ही आमच्या घरची जुनी परंपरा आहे.

"कळलं का तुम्हाला?" ही मला स्वयंपाकघरातून म्हणाली. "पुरणयंत्राला बारीक जाळी लावली की पुरण लोण्यासारखं येतं, पण दांडा फिरवणाऱ्याचा खांदा जातो. तुम्ही आयुष्यात दांडा फिरवलाय का कधी?"

पोरानं यंत्र बंद केलं, नुसता पंखा चालू ठेवला, फिल्टर काढला, सगळ्या जाळ्या उघडल्या. बर्फ वितळायला तीन तास. जाताना त्यानं दोन वाटा सांगितल्या. या एक इंची खाचेत मर्व आठ घाला आणि वेळेवर बदला. तेराच हवा असेल तर कपाट थोडं कापून चार इंच जाडीचा बसवून घ्या. हे माझ्या डोक्यात शिरेना. जाड फिल्टर म्हणजे उलट जास्त अडथळा नाही का?

"अहो, निऱ्या," ही म्हणाली. "सहावारीला निऱ्या कमी, नऊवारीला जास्त. कंबर तेवढीच, कापड किती तरी जास्त मावतं."

अगदी तसंच होतं. घड्या खोल केल्या की त्याच चौकटीत कितीतरी जास्त कापड बसतं, हवा तेवढ्या कापडावर वाटली जाते, आणि बारीक जाळी असूनही पंख्याला दम लागत नाही. चिरंजिवांनी पोराला ते इंग्रजीत सांगितलं. त्यानं आमच्या हिला अंगठा दाखवला. मला कोणी काही दाखवलं नाही.

मर्व आठचा फिल्टर आला आणि घर पुन्हा गार झालं. प्रश्न उरला गठ्ठ्यातल्या पाच कोऱ्या तेरांचा. पावती दुकानाच्या पार्किंगमध्येच कुठे तरी उडाली होती. दोन आठवडे ते गॅरेजमध्ये माझ्याकडे बघत उभे होते.

जुलैच्या शेवटी लख्ख ऊन पडलं आणि हिनं मागच्या डेकवर मूगडाळीचे सांडगे घातले. पाच ताटं. तासाभरात खारी आल्या. तिथल्या खारी आपल्या खारींसारख्या लाजऱ्या नव्हेत, मांजराच्या पिलाएवढ्या आणि वसुलीला आल्यासारख्या येतात. मी गॅरेजमधून पाचही फिल्टर आणले, प्रत्येक ताटाच्या दोन कडांना विटा ठेवल्या आणि वर एकेक तेरा नंबर झाकला. हवा जाईल, धूळ जाणार नाही, खार तर नाहीच.

शेजारचे आजोबा कुंपणाशी येऊन बराच वेळ बघत होते.

"तेरा?" त्यांनी विचारलं.

"तेरा."

त्यांनी मान हलवली. "फार होतो. याला आठ पुरे."

मी काही बोलणार तेवढ्यात ही बाहेर आली. वाकून तिनं चौकटीची कड पाहिली आणि पाचही फिल्टर एकामागून एक उलटे केले.

"बाण वर हवा," ती म्हणाली. "वाफ वर जाते. आणि ही तारेची बाजू खारींना."